मराठवाड्याला समुद्र किती लांब?

महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. शुक्रवारी सायंकाळी सव्वासहाला कचेरी सुटते, ती सोमवारी सकाळी पावणेदहाला पुन्हा भरते. मधले साडेत्रेसष्ट तास कर्मचाऱ्याचे स्वतःचे. मंत्रालयातील लिपिकाला जितके तास मिळाले तितकेच नांदेड किंवा लातूरच्या जिल्हाधिकारी कचेरीतील लिपिकालाही मिळाले. कागदावरची ही समता निर्दोष आहे. परंतु सुटीचे मोल केवळ तासांच्या संख्येवर ठरत नाही. त्या तासांत माणूस कोठवर जाऊन येऊ शकतो यावरही ते ठरते. या कसोटीवर एकच सुटी महाराष्ट्राच्या दोन भागांत दोन निरनिराळ्या मोलांची ठरते.

समुद्रकाठच्या दोन दिवसांच्या सहलीचाच हिशेब मांडून पाहावा. पुण्याहून अलिबाग सुमारे दीडशे किलोमीटर. जाण्यायेण्यात सुटीचा फार तर दशांश खर्ची पडतो. लातूरहून रत्नागिरी मात्र सुमारे पाचशे किलोमीटर, आणि नांदेडहून सहाशेच्याही पुढे. एस.टी.चा सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर धरला तर लातूरकराचे बावीस तास आणि नांदेडकराचे अठ्ठावीस तास रस्त्यातच जातात. म्हणजे लातूरकर आपल्या सुटीचा एकतृतीयांश, तर नांदेडकर जवळजवळ निम्मा भाग बसच्या बाकावर घालवतो. परतल्यावर जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी कचेरी गाठायची, ती वेगळीच. शिवाय शिक्षकवर्गाचे काय? पाच दिवसांचा आठवडा शाळा-महाविद्यालयांना लागू नाही. शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने समुद्र पाहायचा तो दिवाळीत अथवा मे महिन्यात, म्हणजे सारा महाराष्ट्र किनाऱ्यावर लोटलेला असतो आणि खोल्यांचे भाडे कडाडलेले असते तेव्हा.

तरीही ज्या कुटुंबाला जायचे आहे त्याने अर्थशास्त्रातील एक साधे तत्त्व ध्यानात ठेवावे. प्रवासभाडे हा स्थिर खर्च आहे. मुक्काम दोन दिवसांचा असो वा चार दिवसांचा, भाडे तेवढेच पडते. सबब दूर राहणाऱ्याने दोनदा दोन दिवस जाण्याऐवजी एकदाच, दोन किरकोळ रजा जोडून, चार दिवस जाणे हिताचे. एस.टी.च्या, १९८८ पासून चालत आलेल्या, ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेत पास मिळतो तोही चार किंवा सात दिवसांचा. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे; परंतु ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. गोव्यापेक्षा रत्नागिरी सामान्य कुटुंबाच्या खिशाला मानवते, त्याचे हे एक कारण. भाट्याचा किनारा, रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान आणि जवळच गणपतीपुळे एवढे सारे तेथे एकाच मुक्कामात पाहून होते.

कुटुंबाने आपल्यापुरता असा मार्ग काढला, तरी अंतराचा मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. आणि हे अंतर केवळ भूगोलाने निर्माण केलेले नाही. मराठवाड्यातील जुने लोहमार्ग निजामाच्या राज्यात, हैदराबादकडे तोंड करून टाकले गेले. नांदेड आजही सिकंदराबादेत मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेत मोडते. लातूर स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. शेजारच्या या दोन शहरांमध्ये रेल्वेने जायचे तर परभणी-परळीचा वळसा पडतो. २०१७ मध्ये लातूर-मुंबई गाडी बिदरपर्यंत नेली गेली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले, ते उगाच नव्हे. रात्रीची ती एक गाडी म्हणजे त्यांच्या दृष्टीने मुंबईचे दारच होते. नांदेडची वंदे भारत गाडी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. पण ती दिवसा धावते आणि मुंबईला पोहोचायला साडेनऊ तासांच्या आसपास घेते. दोन दिवसांच्या सुटीतला एक दिवस तीच खाऊन टाकते.

या पार्श्वभूमीवर शक्तिपीठ महामार्गाचे आकर्षण समजण्याजोगे आहे. वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा, नांदेड व लातूरसह बारा जिल्ह्यांतून जाणारा हा मार्ग म्हणून आखला गेला. नागपूर-गोवा प्रवास अठरा तासांवरून आठ तासांवर येईल, असे शासनाने सांगितले. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याला मान्यता देऊन वीस हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद केली. दुसरीकडे शेतकऱ्यांचा विरोध उसळला. कोल्हापुरात तो एवढा तीव्र झाला की तेथील आखणीचा शासनाला फेरविचार करावा लागला. मराठवाड्यातही बागायती जमीन जाणार म्हणून शेतकरी आंदोलनात उतरले.

येथे प्रश्न रस्ता चांगला की वाईट एवढाच नाही. नव्या रस्त्याने आजच्यापेक्षा अधिक काय मिळणार, आणि त्याची किंमत कोण मोजणार, हा खरा प्रश्न आहे. रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्ग कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड अशीच वाट आज जोडतो. त्याला जवळपास समांतर असा दुसरा मार्ग झाल्यास लाभाचा मोठा वाटा ज्याच्या दारी मोटार आहे आणि पथकर परवडतो त्याच्या पदरात पडणार. एस.टी.ने जाणाऱ्या लिपिकाला त्यातले थोडे मिळेल. ज्याची केळीची वा उसाची बाग जाईल त्याला मोबदला मिळेल, पण तशी जमीन पुन्हा मिळणार नाही. एकाच्या दोन दिवसांच्या विसाव्यासाठी दुसऱ्याच्या पिढ्यांचा आधार जाणार असेल, तर तो सौदा नीट तपासूनच करावयास हवा.

मोटार नसलेल्याला समुद्र जवळ आणणारे साधन रेल्वेच आहे. रात्रीची गाडी अंतर कमी करीत नाही, पण प्रवासाच्या तासांचे झोपेच्या तासांत रूपांतर करते. १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावते आहे. नांदेडहून लातूरमार्गे पनवेलला गाडी जाते आणि पनवेलला कोकण रेल्वे भेटते; तेथे गाडी बदलण्याऐवजी शुक्रवारी रात्री नांदेड-लातूरहून निघून थेट रत्नागिरीला जाणारी आणि रविवारी परतणारी एक साप्ताहिक गाडी का असू नये? नागपूर-कोल्हापूर गाडी परभणी, लातूरमार्गे आठवड्यातून दोनदा धावते. पण कोल्हापुरात रूळ संपतात आणि पुढे घाट उतरायला बसच लागते. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आलेला कोल्हापूर-वैभववाडी मार्ग झाला असता तर तीच गाडी कोकणात उतरली असती. तो अद्याप प्रत्यक्षात आलेला नाही. जमीन त्यालाही लागेल, परंतु आठशे किलोमीटरच्या महामार्गाच्या तुलनेत कितीतरी कमी.

समुद्र ही काही चैनीची वस्तू नव्हे. उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणाऱ्या, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून तहान भागवावी लागलेल्या लातूरसारख्या भागातील मुलांनी एकदा तरी अथांग पाणी डोळे भरून पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. शासनाने सुटी दिली, ती पुरती उपभोगता येईल अशी गाडीही मिळाली पाहिजे. मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी महामार्गाच्या किलोमीटरांइतकाच आग्रह या एका रात्रीच्या गाडीसाठी धरावयास हवा.