मोफत ऑनलाइन साधने आणि टिकाऊपणाचा प्रश्न

नव्या वेब-स्टार्टअपांविषयी एक मत चांगलेच रूढ झाले आहे : आधी सेवा मोफत द्यावी, लाखोंनी वापरकर्ते जमवावेत आणि उत्पन्नाचे मागाहून पाहावे, वापरणाऱ्यानेही असे साधन निःशंकपणे स्वीकारावे. या मताच्या समर्थनार्थ दिली जाणारी कारणे अगदीच पोकळ नाहीत, कारण पैसे पडत नसले की विद्यार्थी आणि छोटा व्यावसायिक नवे साधन सहज पारखून पाहतो, आणि वापरणाऱ्यांच्या संख्येवरच ज्याची उपयुक्तता वाढते त्या साधनाला आरंभीच शुल्क लावले तर त्याची वाढ खुंटते. तरीही हे मत ग्राह्य ठरत नाही, कारण त्यात वापरकर्त्यांची संख्या हीच टिकाऊपणाची हमी मानली जाते, आणि अनुभव नेमका याच्या उलट आहे.

जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली डिलिशस ही सेवा वाचनखुणांची, म्हणजे पुन्हा पाहाव्याशा वाटणाऱ्या पानांचे पत्ते जपून ठेवण्याची होती. प्रत्येक पत्त्याला वापरणाऱ्याने स्वतःच्या पसंतीचे टॅग, म्हणजे विषयदर्शक खूणशब्द, द्यायचे आणि त्याच खूणशब्दाखाली इतरांनी काय साठवले तेही पाहायचे, ही तिची कल्पना खरोखर सुंदर होती. २००५ मध्ये याहूने ती विकत घेतली. नाव होते, वापरकर्ते होते, पाठीशी बलाढ्य कंपनी होती; नव्हता तो सेवेचा खर्च भागवणारा ग्राहक. डिसेंबर २०१० मध्ये याहूचे एक अंतर्गत सादरीकरण बाहेर फुटले, गुंडाळावयाच्या सेवांमध्ये डिलिशसचे नाव दिसले, आणि वर्षानुवर्षे जमवलेला संग्रह हातचा जाणार या धास्तीने लोक अन्यत्र धावले. पुढे सेवा एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली.

धावलेल्यांपैकी अनेकांना आसरा मिळाला तो पिनबोर्डमध्ये. माचेय त्सेग्वोव्स्की यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या या सेवेत मोफत खाते नव्हते. प्रवेशशुल्क एकदाच द्यावे लागे आणि सभासदांची संख्या वाढेल तसे ते थोडेथोडे चढत जाई. दिसायला साधी, जवळजवळ एकट्या माणसाने चालवलेली, पण येणारा प्रत्येक सभासद तिच्या खर्चाचा वाटा उचलत होता. २०१७ मध्ये याच पिनबोर्डने डिलिशस ३५,००० डॉलरला विकत घेतली. लोकप्रियतेपुढे उत्पन्न गौण मानणाऱ्यांनी या व्यवहाराचे उत्तर द्यावयास हवे.

शुल्क घेणाऱ्या सेवाही बंद पडतात, हा आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. तो खराच आहे, आणि म्हणून केवळ पैसे मोजल्याने वापरणारा सुरक्षित होत नाही. त्याला आपला साठा कोणत्याही क्षणी बाहेर काढता आला पाहिजे, आणि तोही इतरत्र वाचता येईल अशा स्वरूपात. डिलिशसमधून बाहेर काढलेली फाइल ही साधी एचटीएमएल फाइल असे. तिच्या प्रत्येक ओळीत पानाचा पत्ता, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली साठवणीची वेळ आणि खूणशब्द असत. ही मांडणी नेटस्केप ब्राउझरच्या काळापासून चालत आल्यामुळे दुसऱ्या सेवेला ती बिनबोभाट वाचता येई, आणि एवढ्या एका साध्या सोयीमुळे लोकांचा संग्रह वाचला.

विकसकाच्या बाबतीत जोखीम याहून मोठी असते, कारण त्याने परक्या साधनावर आपले ग्राहकही उभे केलेले असतात. पार्स ही सेवा मोबाइल ॲपांना बॅकएंड, म्हणजे पडद्यामागची माहितीसाठवण व खातेव्यवस्था, तयार पुरवीत असे. २०१३ मध्ये फेसबुकने ती घेतली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर केले. मात्र स्थलांतरासाठी वर्षभराची मुदत देण्यात आली, माहिती हलवण्याचे साधन देण्यात आले आणि सर्व्हरची मुक्त-स्रोत आवृत्ती, म्हणजे कोणालाही घेऊन चालवता व बदलता येईल अशी आज्ञावली, प्रसिद्ध करण्यात आली. नव्या साधनाची निवड करताना विकसकाने वैशिष्ट्यांची यादी वाचण्याआधी या तिन्ही गोष्टींची लेखी तरतूद शोधावी, आणि ती नसेल तर ग्राहकांची माहिती त्या साधनाच्या हवाली करू नये.