ऑक्सिमीटरवरचा ९४ सगळ्यांच्या बोटावर सारखा नसतो

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘किती आहे?’ या प्रश्नाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. बोटाच्या चिमट्यावर आकडा ९४ च्या खाली गेला की बेडसाठी फोनाफोनी सुरू व्हायची. ९५ दिसले की घरातल्यांचा जीव भांड्यात पडायचा. पण हा आकडा त्वचेच्या रंगानुसार चुकू शकतो. आयसीयूतल्या संशोधकांनी हे १९९० मध्येच लिहून ठेवले होते.

आधी यंत्र समजून घेऊ. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडलेले तत्त्व तसे सोपे आहे. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवायचा, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारा भाग तेवढा उचलला की कातडी, हाड, नख हे सगळे हिशेबातून वजा होते. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात गडद त्वचेतले मेलॅनिन प्रकाश जास्त अडवते, सिग्नल कमजोर होतो आणि गणित पूर्ण जुळत नाही.

शिवाय हाती येते ते फक्त एक गुणोत्तर. त्याचे टक्क्यांत रूपांतर करायला तक्ता लागतो. तो बनवताना निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांच्या धमनीतले रक्त टप्प्याटप्प्याने तपासतात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तेच इथे लागू होते. कॅलिब्रेशन ज्या नमुन्यावर केले, त्याच्याबाहेर यंत्राच्या आकड्याची हमी नाही. मग हे स्वयंसेवक कोण होते? अमेरिकेच्या एफडीएच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान १० जण पुरेसे होते. त्यात गडद त्वचेचे किमान २ किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढे. एवढ्याशा चाचणीवर जगभरातल्या रुग्णांच्या ऑक्सिजनचा निर्णय व्हावा, हे मला तरी पटत नाही.

१९९० मध्ये अमल जुब्रान आणि मार्टिन टोबिन यांनी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा अभ्यास केला. गोऱ्या रुग्णांत ऑक्सिमीटरवर ९२ दिसले तर पुरेसे होते. कृष्णवर्णीयांत तेवढीच खात्री हवी असेल तर ९५ लागत होते. पुढची तीस वर्षे याची फारशी दखल घेतली गेली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये एमआयटीतल्या मानववंशशास्त्रज्ञ एमी मोरान-थॉमस यांनी ‘बॉस्टन रिव्ह्यू’मध्ये हा विषय पुन्हा काढला. त्याच डिसेंबरमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या मायकेल स्योडिंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असल्याचे प्रमाण गोऱ्यांत ३.६ टक्के होते, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. म्हणजे तिपटीहून जास्त.

२०२२ मध्ये कोरोना रुग्णांवरच्या एका अभ्यासात याचा परिणामही दिसला. ज्यांचा आकडा यंत्राने फुगवून दाखवला, ते उपचाराला पात्र आहेत हे डॉक्टरांच्या उशिरा लक्षात आले. आकडा फुगलेल्यांत आशियाई वंशाचे रुग्णही होते. त्यामुळे ‘हा अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न’ म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

मग ऑक्सिमीटर फेकून द्यायचे का? मुळीच नाही. भूल दिलेला रुग्ण ‘दम लागतोय’ असे सांगू शकत नाही. त्याच्या वतीने हा चिमटाच बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत, भूल देण्याआधी तो लावलेला आणि चालू आहे ना, याची खातरजमा आहे. माझी तक्रार उपकरणाबद्दल नाही, त्याच्या चाचणीबद्दल आहे.

मोठ्या शहरातल्या आयसीयूत शंका आली तर धमनीतले रक्त काढून एबीजी करता येते. तालुक्याच्या छोट्या रुग्णालयात बहुतेकदा हाताशी फक्त चिमटा असतो. रुग्णाला पुढे पाठवायचे की थांबायचे, हे त्या दोन अंकांवर ठरते. तिथे दोन-तीन टक्क्यांची चूक किरकोळ नाही.

एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये नव्या सूचनांचा मसुदा काढला. त्यात १५० किंवा जास्त स्वयंसेवक आणि त्वचेच्या सर्व छटांचा समावेश अपेक्षित आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत, म्हणजे असे मागण्याचा अधिकार आपल्याकडेही आहे. चाचणी महाग पडेल, किंमत वाढेल, असा आक्षेप येईल. तो खराही आहे. पण निदान यंत्र कोणत्या रंगाच्या किती लोकांवर तपासले, एवढे खोक्यावर छापायला कितीसा खर्च येणार? गव्हापासून रवाळ त्वचेपर्यंत नव्हे, तर गव्हाळपासून काळ्यापर्यंत सगळ्या छटा एकाच एसटीत दिसतात अशा देशात ती ओळ एमआरपीइतकीच ठळक हवी.

तोवर घरी यंत्र असेल तर एवढे करा. नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर चोळून ऊबदार करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. तब्येत ठीक असतानाचा आपला नेहमीचा आकडा लिहून ठेवा. तो ९८ असेल आणि आजारपणात ९४ वर आला, तर चार टक्क्यांची घसरण डॉक्टरांना सांगा. आणि धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर चिमट्यावर ९६ असले तरी दवाखाना गाठा.