येणी आहेत, पण येणार कधी?

बांधकाम कंपनीला उधारीवर सळई देणारा व्यापारी, तिला कॅश क्रेडिट देणारी बँक, तिचे शेअर घेणारा गुंतवणूकदार आणि तिच्या साइटवर पोटठेका घेणारा छोटा ठेकेदार, या सगळ्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: पुढच्या बारा महिन्यांत ही कंपनी आपली देणी वेळेवर भागवू शकेल का? याचे झटपट उत्तर म्हणून करंट रेशो, म्हणजे चालू गुणोत्तर, पाहिले जाते. चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागले की झाले. पाठ्यपुस्तकात दोनास एक हे प्रमाण चांगले मानतात. आपल्या बँकांमध्ये १.३३ हा आकडा रुळला तो टंडन समितीमुळे. रिझर्व्ह बँकेने १९७४ साली नेमलेल्या या समितीने सुचवले की चालू मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा कर्जदाराने दीर्घ मुदतीच्या निधीतून उभा करावा. चार भाग मालमत्ता आणि तीन भाग देणी, म्हणून १.३३. ती सक्ती १९९७ मध्ये उठली, तरी आकडा लोकांच्या तोंडी राहिलाच. कारखान्याच्या बाबतीत तो बराच उपयोगी आहे. बांधकाम कंपनीच्या बाबतीत मात्र तो एकटा वाचणे धोक्याचे आहे. म्हणूनच या कंपन्यांना करंट रेशोच्या शेजारी बारा महिन्यांवर बेतलेला दुसरा रेशो छापणे सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोष भागाकारात नाही, ‘चालू’ कशाला म्हणायचे यात आहे. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार जी मालमत्ता व्यवसायाच्या नेहमीच्या चक्रात रोख होणार आहे ती चालू मालमत्ता. हे चक्र ठरवता येत नसेल तरच ते बारा महिन्यांचे धरायचे. साबणाच्या कारखान्यात कच्चा माल आल्यापासून विक्रीचे पैसे हाती पडेपर्यंत काही आठवडे किंवा काही महिने जातात, त्यामुळे तिथे चक्र आणि वर्ष यांत भांडण नाही. उड्डाणपूल, धरण किंवा बोगदा बांधणाऱ्या कंपनीचे चक्र तीन-चार वर्षांचे असू शकते. मग तीन वर्षांनी मिळणारा पैसाही तिच्या ताळेबंदात आजची चालू मालमत्ता म्हणून बसतो, आणि हे पूर्णपणे नियमाला धरून असते. उलट बँकेचा जो हप्ता पुढच्या बारा महिन्यांत भरायचा आहे तो बारा महिन्यांतच भरावा लागतो. भागाकाराच्या वरच्या बाजूला चार वर्षांची मुदत आणि खालच्या बाजूला, निदान कर्जाच्या बाबतीत, एका वर्षाची. अशा दोन मुदतींमधून निघालेला आकडा ‘अल्पकालीन रोखता’ या नावाने वाचला जातो, ही मला गंभीर बाब वाटते.

वरच्या बाजूला नेमके काय असते ते जवळून पाहू. समजा, एखाद्या पुलाच्या चार खांबांचे काँक्रीट ओतून झाले. सिमेंट-सळईचे पैसे आणि मजुरांची मजुरी खर्च झाली. आता साइटवरच्या अभियंत्याने मोजमाप घेऊन एमबी, म्हणजे मोजमापाची वही, भरायची, उपअभियंत्याने ती तपासायची, मग रनिंग बिल तयार व्हायचे, ते कार्यकारी अभियंत्याकडे जायचे आणि निधी असेल तर पास व्हायचे. एमबी भरण्याआधीचे हे काम हिशेबात ‘बिल न झालेला महसूल’ म्हणून येते. इंड एएस ११५ हे मानक १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले, त्याच्या परिभाषेत ही करार-मालमत्ता. बिल पास झाले की ते येणे बनते. त्यातूनही ठरावीक टक्के अनामत कापून ठेवली जाते आणि ती काम संपल्यावर, दोषदायित्वाचा काळ उलटल्यावर परत मिळते. वाढीव कामाचे किंवा बदललेल्या आराखड्याचे पैसे मागितले आणि खात्याने ते नाकारले, तर लवादाची वाट धरावी लागते. बिल न झालेले काम, पास झालेले बिल, अडकलेली अनामत आणि वादातला दावा यांचे रोखीत रूपांतर होण्याचे दिवस एकमेकांपासून कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे लांब असतात. करंट रेशोत मात्र या सगळ्यांतला रुपया सारखाच मोजला जातो.

एक काल्पनिक ताळेबंद घेऊ. चालू मालमत्ता ४०० कोटी: रोख व ठेवी २०, येणी १५०, बिल न झालेले काम ११०, अनामत ५०, साइटवरचा माल ३०, पुरवठादारांना दिलेले आगाऊ पैसे व जीएसटीची शिल्लक ४०. चालू देणी २९० कोटी: कॅश क्रेडिट व कर्जाचे हप्ते ९०, पुरवठादार व पोटठेकेदार १३०, सरकारकडून घेतलेला मोबिलायझेशन ॲडव्हान्स ५०, इतर २०. रेशो १.३८ आला. बँकेच्या जुन्या कसोटीलाही कंपनी उतरली. आता प्रत्येक रकमेला तारीख विचारू. २० कोटींतले १२ कोटी बँक गॅरंटीपोटी मार्जिन म्हणून अडकलेले आहेत, त्यांतून पगार होत नाही. येण्यांपैकी ६० कोटी तीन वर्षांहून जुने आणि वादातले आहेत. बिल न झालेल्या कामापैकी ४० कोटींची मोजणीच वर्षभरात होणार नाही. अनामतीतले ३५ कोटी पुढच्या मार्चनंतर सुटतील. असे १४७ कोटी वजा केल्यावर २५३ उरले. न्यायाने देण्यांच्या बाजूलाही हाच नियम लावू: ॲडव्हान्सपैकी २० कोटी वर्षानंतरच्या बिलांतून वळते होणार, म्हणून देणी २७०. नवा रेशो ०.९४. म्हणजे येत्या वर्षात १०० रुपये द्यायचे आहेत आणि दिसताहेत ९४. कंपनी तीच, ताळेबंदही तोच, लेखापरीक्षकाने कुठे चूक केलेली नाही. फक्त प्रश्न बदलला.

यावर बांधकाम क्षेत्रातून हमखास येणारे उत्तर असे: सरकारी पैसा उशिरा येतो, पण बुडत नाही. ते खरे मानले तरी रोखतेच्या प्रश्नावरचे ते उत्तर नाही. पैसा बुडतो की नाही हा नुकसानीचा प्रश्न झाला; रोखता म्हणजे तो वेळेवर येतो की नाही. आणि उशीर किती महागात पडतो याचा पुरावा खुद्द सरकारने दिला आहे. लवादाचा निवाडा कंत्राटदाराच्या बाजूने लागला तरी सरकारी संस्था त्याला न्यायालयात आव्हान देत आणि पैसे अडकून राहत. हे इतके वाढले की ३१ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीला ठरवावे लागले की अशा प्रकरणांत निवाड्याच्या रकमेपैकी ७५ टक्के बँक गॅरंटी घेऊन कंत्राटदाराला द्यावेत. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली स्थापन केलेली आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधणारी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेली. निवाड्याला आव्हान देताच त्याला आपोआप स्थगिती मिळण्याची जुनी पद्धत जुन्या प्रकरणांपुरती पुन्हा आणणारे, लवाद कायद्यातले ८७ वे कलम न्यायालयाने २७ नोव्हेंबर २०१९ रोजी रद्द केले. त्याच याचिकेतले दुसरे गाऱ्हाणे मला अधिक बोलके वाटते. कंत्राटदाराचे पुरवठादार थकबाकीसाठी त्याला दिवाळखोरी न्यायाधिकरणात खेचू शकतात, पण त्याचे पैसे अडवणाऱ्या महामार्ग प्राधिकरणासारख्या संस्थेला तो तिथे नेऊ शकत नाही. हे गाऱ्हाणे न्यायालयाने मान्य केले नाही. सरकारचाच विस्तारित हात असलेली संस्था दिवाळखोरीत काढता येत नाही, हे कायद्याने बरोबरही असेल. पण त्यामुळे ताळेबंदाच्या दोन बाजूंची ताकद असमान ठरते. पुरवठादाराच्या हाती दांडका आहे आणि सरकारकडून येणी वसूल करणाऱ्या कंत्राटदाराच्या हाती अर्ज. महाराष्ट्रात २०२५ मध्ये थकलेल्या सरकारी बिलांसाठी कंत्राटदार संघटनांना आंदोलन करावे लागले. ती सगळी बिले कुठल्या ना कुठल्या ताळेबंदात ‘चालू’ म्हणूनच बसलेली होती.

तारखेचा आणखी एक घोळ आहे. आपले ताळेबंद ३१ मार्चचे असतात, आणि सरकारी खात्यांतून बिले सुटण्याचा हंगामही मार्चअखेरचाच. निधी परत जाऊ नये म्हणून शेवटच्या आठवड्यात देयके निघतात. म्हणजे सरकारी कामे करणाऱ्या कंपनीचा फोटो आपण नेमका तिच्या वर्षातल्या सर्वांत बऱ्या दिवशी काढतो आणि त्यावरून डिसेंबरातली प्रकृती ठरवतो. शिवाय रेशो एकाहून जास्त असेल तर नुसती देणी फेडूनही तो फुगतो. १५० कोटींची मालमत्ता आणि १०० कोटींची देणी असताना रेशो दीड. ३० मार्चला ५० कोटी फेडले आणि एप्रिलमध्ये पुन्हा तेवढीच उधारी केली, तर ३१ मार्चला १०० भागिले ५०, म्हणजे थेट दोन. यात काही बेकायदा नाही. त्यामुळेच एका दिवसाच्या रेशोपेक्षा वर्षभरात कॅश क्रेडिटची मर्यादा किती वेळा काठोकाठ वापरली गेली, हे बँकेने जास्त बारकाईने पाहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कमी रेशो म्हणजे वाईट आणि जास्त म्हणजे चांगला असे तरी कुठे आहे? खरेच नाही. सदनिका आधी विकणाऱ्या विकासकाकडे ग्राहकांचे आगाऊ पैसे चालू देण्यांत दिसतात, पण ते देणे घर देऊन फिटते, रोख देऊन नव्हे. अशा कंपनीचा रेशो कमी असूनही तिची गाडी सुरळीत चालू असू शकते. उलट न विकलेल्या सदनिका साचत गेल्या की चालू मालमत्ता वाढते, रेशो सुधारतो आणि कंपनी अधिकाधिक अडचणीत जाते. रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात, जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी ठेवावे लागतात. ग्राहकाच्या हिताचा हा उत्तम नियम आहे. पण ताळेबंदात रोख दिसणारी ती रक्कम दुसऱ्या प्रकल्पाच्या कर्जाचा हप्ता भरायला वापरता येत नाही. म्हणून माझा आग्रह रेशो जास्त असावा असा नाही. कोणता पैसा कधी आणि कशासाठी मोकळा होणार, हे त्या आकड्यातून कळावे एवढाच आहे.

हे सरकारी ढिलाईमुळे फक्त आपल्याकडेच घडते, असेही समजू नये. ब्रिटनमधली कॅरिलियन ही बलाढ्य बांधकाम कंपनी १५ जानेवारी २०१८ रोजी कोसळली तेव्हा तिच्यावर सुमारे सात अब्ज पौंडांची देणी होती आणि हाती रोख होती फक्त २.९ कोटी पौंड. २०१६ चे हिशेब मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जुलैमध्ये कंपनीला करारांपोटी ८४.५ कोटी पौंडांची तरतूद जाहीर करावी लागली. पुरवठादारांना १२० दिवसांची मुदत लावायची आणि लवकर पैसे हवे असतील तर बँकेकडून घ्या म्हणायचे, अशी तिची रीत होती. बँकेला द्यायचे ते पैसे कर्जात न दाखवता ‘इतर देणी’त दाखवले जात. करंट रेशोत याने काहीच हलत नाही, कारण दोन्ही रकमा चालू देण्यांतच पडतात. थांबू शकणारा पुरवठादार आणि एका दिवसात हात काढून घेणारी बँक यांतला फरक या भागाकाराला कळत नाही.

कंपन्या म्हणतील, आणखी एक आकडा म्हणजे आणखी एक ओझे. पण त्याला लागणारी माहिती आजही त्यांनी द्यायचीच आहे. ज्या बाबींत वर्षाच्या आतले आणि वर्षानंतरचे पैसे एकत्र दाखवले आहेत, तिथे बारा महिन्यांनंतरची रक्कम वेगळी सांगावी, असे इंड एएस १ हे मानक म्हणते. २४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने तर येण्यांचे वय तक्त्यात देणे बंधनकारक केले: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जुनी, वादातली वेगळी, बिल न झालेली वेगळी. त्याच अधिसूचनेने करंट रेशो छापणे आणि त्यात २५ टक्क्यांहून जास्त बदल झाला तर कारण देणेही आवश्यक केले. सामान सगळे घरात आहे, फक्त ते टिपांच्या शेवटच्या पानांवर विखुरलेले आहे आणि सळई उधार देणारा व्यापारी तिथवर पोचत नाही. सरकार कधी पैसे देईल हे आम्ही तरी कसे सांगणार, असाही सवाल येईल. तो प्रामाणिक आहे. मात्र ज्या रकमेची तारीख खुद्द कंपनीला सांगता येत नाही, ती बारा महिन्यांच्या हिशेबात धरता कामा नये. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या त्या तक्त्यात करंट रेशोखाली एक ओळ वाढवावी: बारा महिन्यांत येणारी मालमत्ता भागिले बारा महिन्यांत द्यायची देणी. आणि ती ओळ येईपर्यंत पोटठेकेदाराने निदान एवढे करावे, की थोडे शुल्क भरून मंत्रालयाच्या पोर्टलवरून कंपनीचा ताळेबंद काढावा, येण्यांच्या वयाचा तक्ता उघडावा आणि तीन वर्षांहून जुन्या रकमेचा रकाना आधी पाहावा.