कांदा कुणी कापला?

आमच्या उर्दू शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या खालांना गेल्या वर्षी एक बक्षीस लागलं. मसाल्याच्या पाकिटात निघालेली चिठ्ठी भरून पाठवायची होती आणि तिच्यावर ‘मला स्वयंपाक का आवडतो’ हे एका वाक्यात लिहायचं होतं. खालांना उर्दू वाचता येतं, मराठी लिहायचं असलं की त्या माझ्याकडे येतात. “टीचर, तुम्ही लिहा.” मी विचारलं, काय लिहू? म्हणाल्या, “आवडायचं काय त्यात? नव्वद पोरं जेवतात, तेवढं लिहा.” मी तसंच लिहून दिलं आणि विसरून गेले.

महिन्याभराने फोन आला. ठाण्याच्या एका मॉलमध्ये टीव्हीवरचा प्रसिद्ध शेफ प्रत्यक्ष बघायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा. पास दोघांचा. खालांच्या सुनेला तान्हं मूल, मुलगा कामावर. म्हणून दुसरी मी.

रविवारी सकाळी आम्ही खोपोलीच्या गाडीने कर्जतला आलो आणि तिथून लोकल धरली. खालांनी ईदला शिवलेला सूट घातला होता. पिशवीत घावणे आणि चटणीचा डबा. मी म्हटलं, अहो, आपण एवढ्या मोठ्या शेफकडे चाललोय, डबा कशाला? त्यांनी वांगणी येईपर्यंत उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, “तो बनवून दाखवणार आहे. जेवायला देणार आहे असं कुठं लिहिलंय?”

त्यांचं खरं निघालं. स्टेजवर शेफने वीस मिनिटांत मसाला खिचडी केली, चौघांना पुरेल एवढी. काचेच्या वाट्यांत सगळं आधीच तयार: कांदा बारीक कापलेला, आलं-लसूण वाटलेलं, तांदूळ धुऊन निथळलेला. शेफ बोलायला गोड, हात सफाईदार. लोक मोबाईल उंच धरून बघत होते. खाला पंजांवर उभ्या राहून स्टेजच्या मागे बघत होत्या. मला कोपराने ढोसून म्हणाल्या, “टीचर, कांदा कुणी कापला?”

पडद्याच्या फटीतून काळे ॲप्रन घातलेली दोन पोरं दिसत होती. एक भांडी विसळत होता, दुसरा पुढच्या पदार्थाच्या वाट्या भरत होता.

फोटोच्या वेळी शेफने अदबीने हात जोडले. माणूस भला होता, हे लिहायलाच हवं. त्याने विचारलं, काय बनवता? “खिचडी.” किती जणांची? “नव्वद.” तो हसायचा थांबला. खाली लागत नाही का, म्हणून विचारलं. खाला सांगू लागल्या की पाणी आधी उकळायचं, तांदूळ मागून, आणि एकदा आच कमी केली की डाव घालायचा नाही. तो खरंच ऐकत होता, पण मागे रांग होती आणि आयोजकांनी आम्हाला पुढे सरकवलं. दोन दिवसांनी कंपनीने तो फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या भाग्यवान विजेत्या’. शेफचं नाव होतं, मसाल्याचं होतं, मॉलचंही होतं. विजेतीचं नव्हतं.

मला शेफ लोकांचा राग नाही. उलट त्यांच्यामुळे चुलीपुढच्या कामाला तोंडावळा मिळाला. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं, तेव्हा घरच्या बाईच्या हाताला छापील नाव लाभलं. १९९३ मध्ये संजीव कपूर ‘खाना खजाना’तून घराघरांत गेले आणि मुलाने स्वयंपाकी व्हायचं म्हटलं तरी नाक मुरडू नये, हे मध्यमवर्गाला हळूहळू पटलं. २०२३ च्या डिसेंबरात मंगळुरूत ज्यूसचं दुकान चालवणारा मोहम्मद आशिक ‘मास्टरशेफ इंडिया’ जिंकला, तेव्हा आमच्या सातवीतल्या दोन मुलांनी ‘मी कोण होणार’ या निबंधात शेफ लिहिलं. मी दोघांनाही शाबासकी दिली.

पण ही इज्जत किती खालपर्यंत झिरपली? लखनौचे इम्तियाज कुरेशी लहानपणापासून चुलीपाशी शिकलेले. ‘दम पुख्त’ची शान त्यांनी देशाच्या मोठ्या हॉटेलांत नेली. त्यांना पद्मश्री मिळाली २०१६ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास. २०२४ मध्ये ते वारले. रणवीर ब्रार आज इतके प्रसिद्ध आहेत, आणि लखनौच्या मुनीर उस्तादांकडे कबाब शिकल्याचं ते स्वतः सांगतात, ही त्यांची खानदानी. शिष्याने नाव घेतलं म्हणून उस्ताद आपल्याला माहीत झाले. ज्यांचे शिष्य टीव्हीवर गेले नाहीत, त्या उस्तादांचं काय?

आणि हा सवाल आपल्या घरापासून विचारायला हवा. आपल्याकडे लग्न झालं की वर्षभर ‘अमक्यांच्या वलीम्याची बिर्याणी’ निघते. अमके म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील. ज्याने रात्रभर देगीपुढे धूर खाल्ला तो बावर्ची मांडवामागे सगळ्यांत शेवटी जेवतो. त्याचं नाव विचारलं जातं ते फक्त पुढच्या लग्नाची सुपारी द्यायची असेल तेव्हा. घरातही तेच. दस्तरखानावर आधी पुरुष बसतात, मीठ कमी पडलं तर आवाज आतपर्यंत जातो, बरोबर पडलं तर कुणी बोलत नाही. शेजारीपाजारी आपल्याला ‘बिर्याणी कधी?’ म्हणून प्रेमाने विचारतात. आपली ओळख एका पदार्थावर आली याची आपण तक्रार करतो, ती खरीही आहे. पण त्या पदार्थामागच्या माणसाची ओळख आपण तरी कुठे ठेवली?

आता शाळेचं सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आदेश दिला म्हणून देशभर शाळांत शिजवलेलं जेवण मिळू लागलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. आमच्या नव्वद मुलांचा हिशेब सगळे हजर असतील तर साडेदहा किलोवर जातो. एवढं धान्य निवडणं, धुणं, शिजवणं, वाढणं आणि शेवटी ती पातेली घासणं, हे दोन बाया करतात. राज्यात २०२३ मध्ये त्यांचं मानधन महिन्याला २,५०० रुपये झालं, आधी १,५०० होतं. तेही वर्षातल्या दहा महिन्यांचं. शाळेचे दिवस मोजले तर तेव्हा रोजचे शंभर रुपयांच्या आसपास पडत. याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. यातला मान कुठे शोधायचा ते मला अजून समजलेलं नाही.

नियमाप्रमाणे मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं. माझी पाळी असते तेव्हा मी एक घास खाते आणि लिहिते, ‘चव चांगली’, खाली सही. रमजानमध्ये रोजा नसलेले सहकारी हे काम करतात. खाला मात्र रोजा धरून शिजवतात, जिभेवर एक थेंब न ठेवता, नुसत्या वासावर मिठाचा अंदाज घेतात. ठाण्याहून परतताना मी मनात मोजत होते. इतक्या वर्षांच्या नोंदवह्यांत तारीख आहे, पदार्थ आहे, माझी सही आहे. कुणी शिजवलं ते एकाही पानावर नाही. कंपनीने जे केलं तेच मी रोज करत आले होते.

कर्जत स्टेशनवर उतरलो तेव्हा अंधारलं होतं. आम्ही वडे घेतले. इथला वडा लोक दिवाडकरांच्या नावाने ओळखतात. इथल्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या भाताच्या वाणांनाही कर्जत-३, कर्जत-७ अशी गावाची नावं आहेत. म्हणजे आपल्या भागाला अन्नाला नाव द्यायची सवय आहे. सवय थोडी पुढे न्यायची आहे, इतकंच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मानधन वाढायलाच हवं आणि बाराही महिने मिळायला हवं. त्यासाठी त्यांच्या संघटना भांडतात तेव्हा आपण शिक्षकांनी सोबत उभं राहायला हवं, आपल्या वेतन आयोगाच्या वेळी आपण कसे एक होतो तसं. आणि जे शासनाच्या कागदाविना करता येईल ते उद्यापासून करावं. नोंदवहीत शिजवणाऱ्याचं नाव लिहावं. स्नेहसंमेलनात पाहुण्यांसोबत त्यांना खुर्ची द्यावी. निकाहच्या दावतीत बावर्च्याला नावाने हाक मारून आधी जेवायला बसवावं. शेफला बघायला शंभर किलोमीटर जाऊ नये असं मी म्हणत नाही. जावं. येताना पडद्यामागच्या पोरांनाही सलाम करून यावं. खाला करून आल्या. त्यांनी आपला डबा त्या दोघांपुढे धरला, एकाने घावण्याचा तुकडा घेतला आणि विचारलं, नारळ घातलाय का? पूर्ण दिवसात त्या तेव्हाच मनापासून हसल्या.

खालांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनीच नको म्हटलं. “मोबाईलवर नको, टीचर. उद्या कुणी म्हणेल शाळेची बदनामी केली, आहे ते काम जाईल. वहीत लिहा.”

सोमवारी माझी पाळी होती. मी ‘चव चांगली’ लिहिलं आणि पुढे दोघींची पूर्ण नावं लिहिली. मुख्याध्यापक म्हणाले, याला रकाना नाही. मी म्हटलं, समासात लिहिलंय. खालांनी वहीत डोकावून मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्या म्हणाल्या, “आज मीठ कमी पडलंय. तेही लिहा.”