मांडी हे मोटारीतले सुरक्षित आसन नव्हे

भारतीय कुटुंबाच्या मोटारीत तान्ह्या बालकाची जागा बहुधा ठरलेली असते : आईची मांडी. घरात, देवळात, मंगलकार्यात ही मांडी बालकाला जे अभय देते, तेच धावत्या मोटारीतही मिळेल, असा दृढ समज आहे. हा समज मायेतून जन्मला आहे. परंतु गतीचे नियम माया जाणत नाहीत.

हिशेब साधा आहे. मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातील प्रत्येक देहही सेकंदाला सुमारे १४ मीटर या वेगाने पुढे जात असतो. समोरून धडक बसताच मोटार थांबते, आतील देह मात्र पुढेच जातो. थांबण्याचे अंतर अर्धा मीटर धरले, तर १० किलो वजनाच्या बालकाला धरून ठेवण्यासाठी सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतके बल लावावे लागेल, आणि तेही डोळ्याचे पाते लवण्याच्या आत. कोणत्याही मातापित्याच्या हातांत हे बळ नाही. धरणाऱ्याने स्वतः पट्टा बांधला नसेल, तर त्याचाच देह बालकावर आदळतो. एकच पट्टा दोघांभोवती घेतला असेल, तर बालक पट्टा आणि मोठा देह यांच्यामध्ये चिरडले जाते.

आज सर्वत्र वापरला जाणारा तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वो कंपनीतील स्वीडिश अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही खुला केला. आघाताचे बल खांदा, छाती आणि कटीची मजबूत हाडे यांवर वाटून देणे हे त्याचे कार्य. मात्र त्याची रचना प्रौढ देहासाठी आहे. लहान मुलाच्या बाबतीत तोच पट्टा वर सरकून पोटावर आणि मानेवर येतो व आतील मृदू अवयवांना इजा करू शकतो. म्हणूनच मुलाची उंची पुरेशी वाढेपर्यंत त्याला उंचावून बसवणारे बूस्टर आसन लागते. अर्भकाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे डोके शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते आणि मान दुर्बळ. त्यामुळे त्याचे आसन मोटारीच्या मागच्या दिशेस तोंड करून बसवावे लागते. मग डोके, मान आणि पाठ यांना एकदमच आधार मिळतो. असे आसन चालू एअरबॅगसमोर, पुढच्या जागेवर, कधीही ठेवू नये. योग्य बालआसनामुळे बालकांचे मृत्यू किमान ६० टक्क्यांनी घटू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मांडीइतकाच दुसरा भ्रम मागील आसनाचा. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागे बसले होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा तेही मागेच होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. दोन्ही वेळा देश हळहळला, चर्चा झाली आणि काही दिवसांतच मागच्या आसनावरचे पट्टे पुन्हा गाद्यांच्या फटीत गेले. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांना अपघातात प्राण गमवावे लागले. त्यांपैकी ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते.

कायदा नाही, अशी सबब येथे चालणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९४ब, चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधलेले नसल्यास १,००० रुपये दंड सांगते. दोष आहे तो त्यातील ‘किंवा’ या शब्दात. दोन वर्षांच्या मुलाला प्रौढांचा पट्टा लावला, तरी कायद्याच्या या शब्दांचे समाधान होते. मुलाचे रक्षण होत नाही. कायद्याने वयाच्या एका रेषेवर न थांबता उंची आणि वजन पाहून आसनाचा प्रकार ठरवून दिला पाहिजे.

पट्टा न लावता गजर बंद ठेवणाऱ्या क्लिपांचीही बाजारपेठ या देशात होती. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्री मंचांवरून त्या हटवण्याचे आदेश द्यावे लागले. पैसे मोजून आपलेच संरक्षण निकामी करणाऱ्या समाजाला केवळ दंडाची भीती पुरणार नाही.

बालआसन महाग आहे, छोट्या मोटारीत तीन पिढ्यांना बसायचे असते, भाड्याच्या गाडीत ते मिळत नाही, हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु त्यांवर उपाय आहेत. प्रसूतिगृहांनी घरी जाणाऱ्या अर्भकासाठी आसन भाड्याने द्यावे. लसीकरणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी त्याविषयी विचारावे. टॅक्सी सेवांनी ते उपलब्ध करावे. लाखो रुपयांच्या मोटारीत सनरूफ परवडते आणि बालआसन परवडत नाही, हा युक्तिवाद मात्र टिकणारा नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही चाचणी मोटारींना तारे देते. त्यात बालसुरक्षेसाठी स्वतंत्र ४९ गुण आहेत आणि जाहिरातींत हे तारे अभिमानाने मिरवले जातात. ग्राहकाने एवढेच ध्यानी घ्यावे की ते तारे दीड आणि तीन वर्षांच्या बालकांएवढ्या पुतळ्यांनी बालआसनात बसून मिळवलेले असतात. मांडीवर बसलेल्या मुलाला त्यांतला एकही तारा लागू होत नाही.