वर्गणीदारांची वही कोणाच्या कपाटात?

दरवर्षी 2 जानेवारीला सिद्धगडाच्या परिसरात हुतात्म्यांना मानवंदना देण्यासाठी माणसे जमतात. 1943 साली याच दिवशी भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. अलीकडे या गर्दीत मोबाइलवर चित्रण करणारे तरुणही दिसू लागले आहेत. पावसाळ्यात तर नारिवलीकडून गडावर जाणाऱ्या वाटेच्या कितीतरी चित्रफिती यूट्यूबवर येतात. मात्र धबधब्याखाली नाचणाऱ्यांची फीत जितकी चालते तितकी आझाद दस्त्याची हकिगत सांगणारी चालत नाही, आणि यात प्रेक्षकाच्या रुचीइतकाच जाहिरातीच्या हिशेबाचाही हात आहे.

लांब चित्रफितींच्या जाहिरात-उत्पन्नातील 55 टक्के वाटा यूट्यूब निर्मात्याला देते. परंतु 2018 पासून त्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांचे प्रेक्षण अशी अट आहे. मुरबाड-शहापूरच्या एखाद्या पाड्यातील ठाकर किंवा कातकरी तरुणाने आपल्या बोलीत भातलावणीची गाणी, रानभाज्या किंवा वनहक्काचे दावे यांवर फिती काढल्या, तर ती अट त्याने केव्हा पुरी करावी? म्हणूनच प्रेक्षकाने निर्मात्याला थेट मासिक वर्गणी द्यावी, ही नवी व्यवस्था आकर्षक वाटते. अमेरिकेत पेट्रिऑन 2013 साली निघाली. यूट्यूबने 2018 साली सशुल्क सदस्यत्व सुरू केले. पाचशे जाणत्या प्रेक्षकांनी महिना पन्नास रुपये दिले, तर पंचवीस हजार जमतात. लाखो प्रेक्षकांच्या मागे धावण्याची गरज उरत नाही.

वर्गणीत कमीपणा काही नाही. मराठीतील ध्येयवादी नियतकालिके वर्गणीवरच जगली. पण त्या वर्गणीदारांची नावे-पत्ते असलेली वही साप्ताहिकाच्या स्वतःच्या कपाटात असे. छापखाना बदलला तरी वाचक बदलत नसे. यूट्यूबच्या सदस्यत्वात पैशातील 30 टक्के कंपनी घेतेच, शिवाय सदस्याचा पत्ताही निर्मात्याच्या हाती देत नाही. खाते बंद झाले की ती पाचशे माणसे कोठे शोधायची? 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतील अनेक हौशी कलावंतांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. ज्याने प्रेक्षक जमविला त्याच्या हाती त्यातले काहीच राहिले नाही, एवढे येथे पुरे. पेट्रिऑन निर्मात्याला वर्गणीदारांचे ई-मेल देते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण 2024 साली अ‍ॅपलने तिलाच बजावले की, आयफोनच्या अ‍ॅपमधून येणाऱ्या वर्गणीवर 30 टक्के द्या. दलालावरही दलाल असतो तो असा!

कंपन्यांचा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. फिती साठविणे आणि जगभर पोचविणे यांस मोठा खर्च येतो. त्याचे मोल त्यांनी घ्यावे. ते ठरविताना निर्मात्याला कोणी विचारीत नाही, हे दुखणे आहे. सावकाराच्या दीडी-दुपटीतून शेतकरी सुटावा म्हणून कोतवालांनी याच मुलखात धान्यकोठाराची योजना राबविली होती. धान्य गावकऱ्यांचे, कोठारही गावकऱ्यांचे, हे तिचे मर्म होते. तोच विचार येथे का लागू करू नये? 2019 साली निघालेल्या नेब्युला या सशुल्क मंचात निर्मात्यांचा मालकीहिस्सा आहे. 2020 साली सुरू झालेला मीन्स टीव्ही तर सहकारी तत्त्वावर चालतो. लोणीला 1950 साली सहकारी साखर कारखाना काढणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. जानेवारी 2020 पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून आकार घेतला जात नाही; तेव्हा पाच-पन्नास रुपयांची वर्गणी थेट जमविण्यातील मोठी अडचणही दूर झाली आहे. (सहकारी साखरेचे पुढे काय झाले, हेही अर्थात विसरता येत नाही. संस्थेचे दप्तर सभासदांनी तपासायचेच सोडले, तर कारखाना काय आणि चित्रवाहिनी काय, चार घरांची मिरासदारी होण्यास वेळ लागत नाही.)

दुसरा धोका निर्मात्याच्या बाजूचा नसून प्रेक्षकाच्या बाजूचा आहे. वर्गणीचे कुलूप लागले की ठाण्या-मुंबईचा गिर्यारोहक पैसे भरील, आणि गडाच्या पायथ्याच्या आश्रमशाळेतील मुलगी बाहेर राहील. जिच्या गावचा इतिहास, तिलाच तो विकत घ्यावा लागावा हे विपरीत होय. त्यामुळे वर्गणी घ्यावी ती कामासाठी. पाहण्याचा परवाना म्हणून नव्हे. ज्यांना देणे शक्य आहे त्यांनी द्यावे आणि फीत सर्वांना खुली राहावी, अशी रीत आजही अनेक निर्माते पाळतात. तीत उत्पन्न कमी येते, हे कबूल. तेवढी तूट ग्रामपंचायती, ग्रंथालये आणि शिक्षक संघटना यांच्या सामुदायिक वर्गणीतून भरून काढता येईल.

मुरबाड, शहापूर आणि कर्जतच्या कार्यकर्त्यांना आरंभ करण्यासाठी फार भांडवल लागणार नाही. चित्रण करणारी मुले तेथे आहेतच. त्यांना एकत्र बसवून नियम लिहून घ्यावेत, खाते संस्थेच्या नावाने उघडावे आणि फिती यूट्यूबवर टाकल्या तरी वर्गणीदारांची यादी व मूळ चित्रण स्वतःजवळ ठेवावे. पुढच्या 2 जानेवारीच्या आत एवढे होऊ शकते.