विश्लेषण : गाडीत नकाशासाठी छोटा टॅब घ्यावा का? जीपीएस, ऊन आणि नियमांचे गणित काय?

लांबचा प्रवास ठरला की फोनच्या छोट्या पडद्यावर नकाशा बघण्याचा कंटाळा येतो. त्यावर उपाय म्हणून आठ इंचांच्या आसपासचा टॅब गाडीत लावण्याचा विचार अनेक जण करतात. नवी टचस्क्रीन यंत्रणा बसवण्यापेक्षा हा पर्याय सोपा वाटतो. शिवाय तोच टॅब हॉटेलात आणि रेल्वेतही वापरता येतो. मात्र, गाडीत वापरायचा असेल तर काही गोष्टी आधीच तपासायला हव्यात.

स्वस्त मॉडेलमध्ये अडचण काय?

टॅब साधारणपणे दोन प्रकारांत मिळतात : फक्त वायफाय आणि वायफायसह सिमकार्ड. अॅपलच्या आयपॅडमध्ये जीपीएस चिप फक्त दुसऱ्या, म्हणजे सेल्युलर प्रकारात असते. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या आयपॅड मिनीची भारतातील सुरुवातीची किंमत वायफायसाठी ४९,९०० रुपये, तर सेल्युलरसाठी ६४,९०० रुपये होती. १५ हजार वाचवण्याच्या नादात जीपीएसच हातचे जाते. अशा टॅबला आसपासच्या वायफायवरून जागेचा अंदाज बांधावा लागतो. शहरात ते खपून जाते, पण ताम्हिणी किंवा वरंधा घाटात वायफाय कुठून येणार?

अँड्रॉइडच्या अनेक वायफाय टॅबमध्ये जीपीएस असते, पण सगळ्यांत नाही. त्यामुळे घेण्याआधी माहितीपत्रकात ‘जीपीएस’ हा शब्द शोधावा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. नकाशा आधीच डाउनलोड केलेला असेल, तर रेंज नसतानाही रस्ता दिसतो; फक्त वाहतूक कोंडीची ताजी माहिती मिळत नाही.

उन्हात टॅब टिकतो का?

अॅपलच्या माहितीनुसार आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा आणि बंद असतानाही ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये. नागपूर, चंद्रपूरमध्ये उन्हाळ्यात बाहेरचाच पारा ४५च्या घरात जातो. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो आणखी वाढतो. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. म्हणून गाडीतून उतरताना टॅब सोबत न्यावा.

चार्जिंगचेही तसेच. गाडीतील जुन्या यूएसबी पोर्टमधून अनेकदा अडीच वॉटच मिळतात. पडदा पूर्ण उजेडावर आणि जीपीएस सुरू असेल, तर चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरू शकते. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा २० वॉट किंवा त्याहून जास्त क्षमतेचा चार्जर बरा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातातील संपर्क उपकरण वापरणे कलम १८४खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. १ ऑक्टोबर २०२०पासून नियमांत एक सवलत मिळाली. चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ रस्ता पाहण्यासाठी असे उपकरण वापरता येते. चालकासमोर व्हिडिओ सुरू असेल, तर या सवलतीचा आधार घेता येणार नाही.

लावायचा कुठे?

१ एप्रिल २०२१पासून नव्या मॉडेलच्या कारमध्ये चालकाशेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ती डॅशबोर्डमधूनच उघडते. तिच्या झाकणावर टॅब चिकटवला, तर अपघातात तोच अंगावर येईल. ताशी ६० किलोमीटर वेगातील गाडी धडकून थांबली, तर सुटलेली वस्तू साधारण १४ मीटर, म्हणजे चार-पाच मजले उंचीवरून पडल्याच्या वेगाने आदळते. आयपॅड मिनीचे वजन २९३ ग्रॅम आहे. फोनसाठीचा हलका स्टँड एवढ्यासाठी पुरत नाही.

मग घ्यावा की नाही?

फक्त चालकाला रस्ता दिसावा म्हणून घ्यायचा असेल, तर बहुतेकांना नीट बसवलेला फोन आणि आवाजी सूचना पुरतात. ताशी ८० किलोमीटर वेगात दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. पडदा मोठा असल्याने हे अंतर कमी होत नाही. टॅबचा खरा उपयोग शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्याला किंवा मागच्या सीटवरील मुलांना आहे. त्यासाठी घेणार असाल, तर जीपीएस असलेले मॉडेल, दमदार चार्जर आणि पक्का स्टँड हे तिन्ही बजेटमध्ये धरूनच हिशेब करा.